उतार लागला की हात गोठतात

ताई,

मी ३७ वर्षांची आहे. पुण्यात कोथरूडला राहते, नोकरी करते, मुलगा चौथीत आहे. इंजिनिअरिंगला असल्यापासूनचा आमचा पाच जणांचा कंपू आहे, आम्ही दोघी मैत्रिणी आणि तिघे मित्र. वर्षातून एकदा दोन दिवस कुठेतरी एकत्र जायचं, हे आम्ही पंधरा वर्षं पाळत आलोय. तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाला माउंटन बायकिंगचं वेड लागलं आणि हळूहळू सगळ्यांनीच सायकली घेतल्या. मीही घेतली, आणि खरं सांगते, मला ती फार आवडायची.

गेल्या वर्षी जानेवारीत वेताळ टेकडीवरून उतरताना मुरमावर पुढचं चाक घसरलं. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड जुळलं, सायकल चालवायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तेव्हापासून उतार दिसला की पोटात गोळा येतो. हात हँडलवर गोठतात, ब्रेक आवळून धरते आणि पाच मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतात. चढावर मात्र काही वाटत नाही.

आता डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारचा बेत ठरलाय. शनिवारी कामशेतहून पवनानगर, मग पवना धरणाच्या कडेने तिकोना, तुंग हे किल्ले बघत फिरायचं आणि तिथेच मुक्काम. रविवारी दुधिवरे खिंडीतून लोहगडवाडी, आणि शेवटी गायमुख खिंडीतून भाज्याला उतरून मळवली. ग्रुपवर नकाशा आला तेव्हा मी अंगठा टाकला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. मित्र म्हणतात, "एवढं काय त्यात, चालवत राहिलीस की जाईल भीती." गेल्या महिन्यात एका छोट्या राइडला ते चौघं पुढे निघून गेले. मी खाली पोचले तेव्हा त्यांचा चहा पिऊन झाला होता. "आलीस? चला," म्हणाले आणि निघाले.

नवरा म्हणतो, इतका जीव घाबरतोय तर जायचंच कशाला? मुलाची परीक्षा आहे असं सांगून टाळू का? की गुपचूप मन घट्ट करून जाऊ?

— मागे राहणारी, पुणे

---

अगं,

मुलाची परीक्षा मध्ये आणू नकोस. आणि गुपचूप मन घट्ट करूनही जाऊ नकोस.

परीक्षेचं कारण यंदा चालून जाईल. पुढच्या वर्षी सासूबाईंची तब्येत, त्याच्या पुढच्या वर्षी ऑफिस. मग कधीतरी ते चौघं तुला न विचारताच बेत ठरवतील, आणि तू का गळालीस हे त्यांना कधी कळणारही नाही. पंधरा वर्षं जपलेली माणसं अशी हातची जाऊ देऊ नयेत. गुपचूप जाण्यात धोका दुसराच आहे. रविवारी दुपारी गायमुख खिंडीत तू उभी असशील, दोन दिवसांच्या सायकलिंगने हात थकलेले असतील, घरी परतायची सगळ्यांना घाई असेल आणि समोर सबंध सहलीतला सगळ्यात अवघड उतार असेल. "मला जमणार नाही" हे सांगायला त्याहून वाईट जागा आणि त्याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. तिथे माणूस बोलत नाही, निघतो. बरेचसे अपघात अशाच वेळी होतात.

म्हणून बोलायचं ते आत्ता, घरी बसून. काय बोलायचं ते पुढे लिहिते. पण त्याआधी तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मला फार महत्त्वाची वाटली, त्यांच्याकडे येते. "चढावर मात्र काही वाटत नाही" आणि "हात भरून येतात".

तुला सायकलची भीती बसलेली नाही. तशी असती तर ती चढावर, सपाटीवर, रहदारीत, सगळीकडे दिसली असती. भीती एकाच जागी आहे, उतारावर ब्रेक धरलेल्या हातांत. मोडलं तेही मनगटच. एकदा दगा दिलेल्या हातावर पुन्हा सगळा भार टाकायला मन तयार होत नाही, यात भित्रेपणा कसला? आणि पाच मिनिटांत हात कोपरापर्यंत भरून येतात, हे तर निव्वळ मनाचं काम वाटतच नाही मला. तिथे सायकलचाही दोष असावा अशी दाट शंका आहे.

मी चाळिशीत हा नाद लावून घेतला, तेव्हा मलाही असंच व्हायचं. उतारावर बोटं इतकी दुखायची की मध्येच थांबून हात झटकावे लागायचे. मला वाटायचं, आपल्यातच ताकद कमी. एकदा गिअर लावून घ्यायला सायकल दुकानात घेऊन गेले तेव्हा तिथल्या वयस्कर मेकॅनिकने मला हँडल धरून दाखवायला सांगितलं. मी धरलं. तो क्षणभर माझ्या बोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, हा ब्रेक तुमच्या हाताचा नाही." ब्रेकचा दांडा माझ्या बोटांपासून इतका लांब होता की तो गाठायला मला तळहात मुठीवरून उचलावा लागत होता. म्हणजे ब्रेक धरला की हँडलवरची पकड सुटायची आणि पकड घट्ट केली की ब्रेक सुटायचा. हे सांभाळायला मी तीन-तीन बोटं ताणून दांडा ओढत होते. त्याने खिशातून बारकी षटकोनी किल्ली (अ‍ॅलन की) काढली, ब्रेकच्या दांड्याजवळचा एक इवलासा स्क्रू फिरवला आणि दांडा बोटभर जवळ आणला. दोन्ही बाजूंचं मिळून पाच मिनिटांचं काम. त्यानंतरच्या पहिल्याच उतारावर मला जे वाटलं ते आजही आठवतं. हात हँडलवर नुसते ठेवलेले होते आणि सायकल थांबत होती.

तू आज घरी गेलीस की हेच करून बघ. सायकल भिंतीला टेकव, बस, आणि नेहमीसारखं हँडल धर. मूठ जराही न हलवता तुझं पहिलं बोट ब्रेकच्या दांड्यावर सहज पडतं का? बोटाचं पहिलं पेर दांड्यावर आलं पाहिजे. नुसतं टोक टेकत असेल तर दांडा लांब आहे. मग कोपरापासून बोटांपर्यंत नजर टाक. हात सरळ रेषेत हवा, मनगट वर मोडलेलं नको. मोडत असेल तर दांड्याचा कोन बदलून घ्यायचा. आणखी एक, ब्रेकचा दांडा हँडलला धरून ठेवणारा पट्टा थोडा आत सरकवला की बोट दांड्याच्या बाहेरच्या टोकावर येतं. तिथे कमी जोर लागतो, दार कडीपाशी ढकलावं आणि बिजागरीपाशी ढकलावं यात जितका फरक, तितका. डिस्क ब्रेक चांगल्या स्थितीत असेल तर एका बोटाने, फार तर दोन बोटांनी सायकल थांबली पाहिजे. थांबत नसेल तर पॅड झिजलेत किंवा त्यांना तेल लागलंय. ते बदलून घे. दांडा जवळ आणल्यावर पूर्ण दाबूनही तो मुठीला टेकत नाही ना, तेवढं बघ. दुकानातून आलेल्या बहुतेक सायकलींचे दांडे मोठ्या पंजाच्या माणसासाठी लावलेले असतात आणि सायकल विकताना तुझा पंजा कोणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. शहरात आपण टायर टणक करून ठेवतो, ५०-५५ पीएसआय दाबावर, सायकल हलकी पळते म्हणून. त्याच हवेवर टेकडीवर गेलं की मुरमाचे गोल खडे टणक जमिनीवर चण्यासारखे सरकतात आणि टायर त्यांच्यावरून. हवा कमी केली की टायर जरा पसरतो, खडे कवेत घेतो. माझं वजन ६०च्या आसपास आहे आणि ट्यूबच्या रुंद टायरला कच्च्या वाटेवर मी साधारण ३० पीएसआय ठेवते. तुझ्या टायरच्या कडेवर कमाल-किमान आकडे छापलेले असतील, त्यांच्या आत राहा. फारच उतरवलीस तर दगडावर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, म्हणून अति करू नकोस. छोटा पंप जवळ ठेव. कच्च्या वाटेआधी हवा सोडायची, डांबर आलं की भरायची. चौघांपैकी कोणी कंटाळलं तर कंटाळू दे.

आता पडलीस कशी, त्याबद्दल. तू लिहिलंयस, "पुढचं चाक घसरलं." मुरमावर पुढचं चाक बहुधा एकाच कारणाने घसरतं. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटतो आणि हात पुढचा ब्रेक दाबतो. वळताना टायरची सगळी पकड वळण्यात खर्च होत असते, ब्रेकसाठी तिच्यात काही उरलेलं नसतं. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक वापरून. पुढच्या ब्रेकला घाबरून नुसता मागचाच वापरू नकोस. सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचाच करतो, नुसत्या मागच्याने चाक फरफटत जातं. वळणात शिरताना बोटं सैल आणि नजर वळणाच्या पलीकडे. चाकासमोरच्या खड्ड्याकडे बघत राहिलं की सायकल नेमकी त्या खड्ड्यात जाते, हे तू अनुभवलं असशीलच.

शरीराचंही थोडं. उतार लागण्याआधी थांबून सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घे. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, खटका असेल तर अर्धं मिनिट लागतं. मग दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून पायांवर उभी राहा, गुडघे आणि कोपरं वाकलेली. वजन पायांवर गेलं की हातांवर उरत नाही. तुझ्या मनगटाला हवंय ते नेमकं हेच. सीटला चिकटून बसलं की दगडाचा प्रत्येक दणका सीटमधून पाठीत आणि हँडलमधून मनगटात येतो.

माउंटन बायकिंगचा जन्मच उतार आणि ब्रेक यांच्या झटापटीतून झालाय, हे तुला माहीत आहे का? कॅलिफोर्नियात, मरिन भागात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायचे आणि कच्च्या रस्त्याने सुसाट खाली यायचे. त्या सायकलींना पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक होता. उतारभर तो दाबून मागच्या चाकाच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेनंतर हब उघडून ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून १९७६ साली त्या उतारावर शर्यत सुरू झाली तिचं नावच पडलं 'रिपॅक', पुन्हा भरा. त्यानंतर वीस वर्षांत, १९९६ला अटलांटात, हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. तेव्हा उतारावर ब्रेकची काळजी करणं हे नवशिक्याचं लक्षण आहे असं कोणी सुचवलं तर मनावर घेऊ नकोस. हा खेळ सुरू करणाऱ्यांनीही दर उताराखाली बसून हेच काम केलं.

सराव कुठे करायचा? वेताळ टेकडीवर लगेच जाऊ नकोस. एखादं मोकळं मैदान आणि त्याच्या कडेचा गवताचा हलकासा उतार शोध. पहिल्या रविवारी फक्त थांबायला शिक. जमिनीवर खडूने रेघ मार आणि तिच्यावर चाक बरोबर थांबव, आधी संथ वेगात, मग जरा वाढवून. दुसऱ्या रविवारी उतारावरून मध्येच थांबून उतरायचा सराव कर, पाय डोंगराच्या बाजूला टाकून. कुठेही थांबून उतरता येतं ही खात्री हाताला पटली की तो सैल पडायला लागतो. टेकडीवर जायचं ते त्यानंतर, सकाळी, एका माणसाबरोबर, आणि जिथे पडलीस तिथून आधी सायकल हातात धरून चालत खाली ये. तो उतार पायांनी बघ. आणि या सरावात मनगट दुखलं तर डॉक्टरांना पुन्हा दाखव, मग बेताचं काय ते नंतर बघू.

आता मित्रांकडे येते. गेल्या महिन्याचा तो चहा वाचून मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. ते चौघं वाईट नाहीत, पण काय घडलं ते बघ. ते वेगाने खाली आले, पंधरा मिनिटं बसले, चहा प्यायले. तू घाबरत, हात दुखवत खाली आलीस आणि आल्या आल्या निघालीस. पाच जणांत सगळ्यात दमलेल्या माणसाला विश्रांती शून्य. पुढच्या टप्प्यावर तू आणखी मागे पडणार, ते आणखी थांबणार, तुला आणखी लाज वाटणार. जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये हे होतं आणि कोणी मुद्दाम करत नाही.

माझ्यावर हे एकदा चांगलंच बेतलंय. सहा जण निघालो होतो, मी शेवटची. एका गावाच्या पुढे वाट दोन्हीकडे फुटली आणि फाट्यावर कोणी नव्हतं. मी डावीकडे गेले. दोन-तीन किलोमीटर चढून गेल्यावर रस्ता एका खाणीपाशी संपला. फोनला रेंज नाही, पाणी संपलेलं. परत खाली आले तेव्हा गावातल्या एका आजीने ओसरीवर बसवून तांब्याभर पाणी आणि गूळ दिला. मित्र शोधत परत येईपर्यंत दीड तास गेला. ते माझ्याहून जास्त घाबरले होते. त्या दिवसापासून आमच्यात नियम आहे की फाटा आला की पहिला माणूस थांबणार आणि शेवटचा दिसेपर्यंत हलणार नाही.

तुमच्या पाच जणांत निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरायला हव्यात. प्रत्येक फाट्यावर सगळे एकत्र. शेवटचा माणूस पोचल्यावर दहा मिनिटं मोजायची आणि मग निघायचं, चहा कुणाचा कितीही आधी संपलेला असो. आणि तुझ्यामागे नेहमी कोणीतरी एक असणार, सराईत, पंप आणि अवजारं असलेला. त्याला स्वीप म्हणतात, हे त्या वेड लागलेल्या मित्राला नक्की माहीत असेल. हे काम त्यालाच दे. तुमच्यात सगळ्यात चांगली सायकल चालवणारा तोच असेल तर त्याची जागा सगळ्यात मागे आहे.

बेतातही एक बदल सुचवते. तुमचा नकाशा उलटा फिरवा. मळवली आणि कामशेत ही लोकलची लागोपाठची स्थानकं, त्यामुळे सुरुवात कुठून आणि शेवट कुठे याने येण्याजाण्यात काहीच बिघडत नाही. शनिवारी सकाळी मळवलीहून निघा, भाज्याच्या लेण्यांखालून लोहगडवाडीला चढा. तो चढ दमवणारा आहे, पण चढाची तुला भीती नाही आणि तिथे तू चौघांच्या बरोबरीने असशील, कदाचित पुढेही. मग दुधिवरे खिंडीतून पवनेकडे उतरा. उतार तिथेही आहे, सोपा म्हणणार नाही, पण तो पहिल्या दिवशी आणि ताज्या हातांनी वाट्याला येईल. रविवारी धरणाच्या कडेने फिरून कामशेतला यायचं. जे तुला जड जाणार ते आधी उरकेल. गायमुख खिंडीतून भाज्याकडचा उतार तर मला तुझ्याच काय, तुमच्यापैकी कुणाच्याच दृष्टीने रविवारी दुपारी पसंत नाही. तीव्र उतार, आवळलेली वळणं आणि लोहगडावर निघालेल्या गाड्या समोरून वर येत असतात. लोहगड २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून तर ओढा वाढलेलाच असणार. तुम्ही चढत असाल तर गाडीवाल्याला तुम्ही दिसता आणि तुमचा वेगही कमी असतो.

तुंगचा फेरा ऐच्छिक ठेवा. ज्यांना जायचं त्यांनी जावं, बाकीच्यांनी पाण्याकाठी बसावं. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो आणि शनिवारी संध्याकाळी पवनेच्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते, त्यातले सगळेच शुद्धीत चालवतात असं नाही. साडेचारला मुक्कामी पोचायचं असं धरून चाला. भात कापून झालेला असेल, खाचरं कोरडी आणि सपाट दिसतील, आणि तुमच्यातल्या कुणाला तरी तिकडून सायकल घालायचा मोह होईल. घालू देऊ नकोस. बांध फुटतात, ते शेतकऱ्याला हाताने पुन्हा घालावे लागतात. शिवाय बांधावरच्या बाभळीचे काटे पहिल्या शंभर मीटरमध्येच टायरमध्ये शिरतात. प्रत्येकाकडे स्वतःच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब असावी. २९ इंची चाकाला २७.५ची ट्यूब घेऊन आलेला माणूस मी बघितलाय. सामानात ओआरएसची पाकिटं, केळी, चिक्की ठेवा, आणि दुपारी चढाआधी पिठलं-भाकरीवर आडवा हात मारू नका. काही झालंच तर १०८.

आता तो मेसेज. आज रात्रीच ग्रुपवर टाक, सगळ्यांना एकदम, एकेकट्याला फोन करत बसू नकोस. मी असं काहीसं लिहीन:

"अरे ऐका. पवनेला मला यायचंय, मनापासून यायचंय. पण मनगट मोडल्यापासून उतारावर माझे हात चालत नाहीत, हे मी तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. ब्रेक लावून घेतेय, सरावही करतेय. तरीही काही ठिकाणी मी उतरून चालत येणार आणि त्यावर कोणी काही बोलायचं नाही. नकाशा उलटा फिरवूया का? मळवलीहून चढून कामशेतला संपवू. आणि गेल्या वेळसारखं मी आले की लगेच निघायचं नाही, मलाही चहा हवा."

लांबवू नकोस, माफी मागू नकोस. "तुमचा बेत बिघडवतेय" हे वाक्य तर अजिबात घालू नकोस.

माझा अंदाज आहे की उत्तरं पटापट येतील आणि त्यातलं एखादं तुला चकित करेल. पाच जणांत उतारावर घाबरणारी तू एकटीच असशील असं मला वाटत नाही. तुझी मैत्रीण काय करते, याबद्दल तू एक शब्द लिहिलेला नाहीस. तिलाही विचार.

पण समजा उत्तर आलं, "छे, नकाशा तोच, जमलं तर ये." तर सायकलवर जाऊ नकोस. शनिवारी संध्याकाळी गाडीने मुक्कामी जा, जेव, गप्पा मार, तळ्याकाठी थंडीत शेकोटी करा, रविवारी सकाळी धरणाच्या कडेने सपाटीवर थोडी सायकल चालव आणि गाडीनेच परत ये. त्यांना कारण खरं सांग. पंधरा वर्षांच्या मैत्रीला एक खरं कारण पेलतं. आणि पेललं नाही, तर तेही तुला कळायला हवं.

नवऱ्याबद्दल थोडंसं. सहा आठवडे तुझ्या वेण्या कोणी घातल्या, भाजी कोणी चिरली, रात्री कळ आली की कोण उठलं, हे तुलाच ठाऊक. त्याचं "जायचंच कशाला" तिथून येतंय. त्याला परवानगी मागू नकोस, पण बदललेला नकाशा दाखव, मागे कोण असणार ते सांग, फोनवरून तुझं ठिकाण त्याला दिसेल असं लावून ठेव. आणि मैदानातल्या सरावाला एका रविवारी त्याला आणि मुलाला बरोबर ने. रेघ मारायला मुलगा आनंदाने येईल. बरोबर रेघेवर थांबलेली आई त्या दोघांनी बघितली की घरातलं बोलणं आपोआप बदलेल.

मळवलीहून निघालात की कळव, आणि कामशेतला पोचलात की पुन्हा कळव.

तुझी,
ताई

ता. क. पडलीस तेव्हा डोक्यात होतं तेच हेल्मेट अजून वापरतेस का? त्या दिवशी ते जमिनीला लागलं असेल तर टाकून दे. बाहेरून एक ओरखडाही दिसत नसला तरी आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही आणि दुसऱ्यांदा डोकं वाचवत नाही. ब्रेकच्या आधी हे काम कर.